निरंक

उंबरटेकच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर करिष्मा मरगळेला अध्यक्ष केलं, ते ती कधी काही विचारणार नाही या खात्रीनं. पालकांच्या बैठकीत हैबतराव तसं उघडच बोलले होते. "बाईमाणूस पायजे म्हणत्यात ना वरचे? मग सावळ्याची सून घ्या. धाव्वी झालीया. सही झोकात करती." सगळे हसले. करिष्माही हसली होती. ते हसणं आठवलं की आता तिला स्वतःचीच चीड येई.

सावळा तिचा सासरा. त्याची पन्नासेक शेरडं-मेंढरं होती आणि ती वर्षातले आठ महिने हैबतरावांच्या पडीक रानात चरत. नवरा सोमनाथ हिंजवडीला कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता, आणि करिष्मा स्वतः कोळवणच्या रस्त्यावर एका पुणेकराच्या फार्महाऊसवर बागेच्या कामाला जाई. हैबतराव माजी सरपंच. डोंगराच्या पायथ्याचं आपलं रान त्यांनी बंगल्यांच्या प्लॉटसाठी काढलं होतं. तिकडं जायला गावाबाहेरून रस्ता होता, पण लांबचा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी शाळेची मागची भिंत जेसीबीनं पाडली आणि मैदानातूनच वाट काढली. 'महिन्याभरात बांधून देतो,' म्हणाले. जानेवारी सरत आला, तरी खडीचे डंपर पोरांच्या मैदानातूनच जात होते.

आणि मग एका मंगळवारी मधल्या सुट्टीत चौथीतली वैष्णवी खिचडीची ताटली विसळायला हात धुण्याच्या ओट्याशी गेली. डंपर मागं घेताना चाक ओट्याला लागलं, ओटा ढासळला आणि पोरीचा डावा पाय त्याखाली सापडला. तिला जीपमध्ये घालून पौडला नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आईबाप नसलेली ती पोर आजीपाशी, साळूबाईपाशी राहायची. साळूबाई हैबतरावांच्याच चाळीतल्या एका खोलीत राहत होती. सारं गाव ज्यांना आबा म्हणे त्या हैबतरावांनीच पोरीचं प्लास्टर करून दिलं आणि साळूबाईला सांगितलं, "झालं ते झालं. तोंड उघडू नगंस." साळूबाईनं नाही उघडलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मुख्याध्यापक दयानंद सरांनी करिष्माला शाळेत बोलावलं. टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा होता. वर लिहिलं होतं, 'शाळा सुरक्षा आराखडा'.

"ताई, हितं, हितं आणि शेवटच्या पानावर. शुक्रवारी तालुक्याच्या मॅडम येणार आहेत तपासणीला, त्यांच्या हाती द्यायचंय," सर म्हणाले. पेनचं टोपणही त्यांनीच काढून दिलं.

करिष्मानं पेन घेतलं आणि वाचायला लागली.

"वाचायला काय नाही त्यात. सगळ्या शाळांना तेच आहे."

"असू द्या सर. मला हळू वाचता येतं."

संरक्षक भिंत पूर्ण आहे काय? होय. शाळेच्या आवारात बाहेरील वाहनांना प्रतिबंध आहे काय? होय. तक्रार पेटी दर आठवड्याला उघडली जाते काय? होय. करिष्मानं मान वळवून व्हरांड्यातली पेटी पाहिली. तिच्या कुलपाला गंज चढला होता. आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम घेतली काय? होय. खाली एक तारीख होती. त्या तारखेला शाळेला मकरसंक्रांतीची सुट्टी होती. मग एक ओळ आली : गेल्या वर्षभरातील अपघात. समोर एकच शब्द होता.

"सर, निरंक म्हंजी काय?"

दयानंद सर जरा चुळबुळले. "निरंक म्हणजे... काही नाही. शून्य."

"वैष्णवीचा पाय शून्य?"

"तसं नाही ताई. कागदाची एक पद्धत असते."

"पोरगी तिकडं खाटंवर पडलीया सर. रोज आजीच्या काखेत हात घालून परसाकडं जाती. आन् हितं तुमी लिव्हलं, काही न्हाई?"

सरांनी खिडकीकडं बघितलं, मग आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते. पोरांना गणित चांगलं शिकवत, करिष्माच्या लेकीला, समीक्षाला त्यांनीच शिष्यवृत्तीला बसवलं होतं. पण त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि पट सत्तेचाळीसवर आला होता. "एक जरी 'नाही' गेलं ना, तरी दहा पत्रं येतात. खुलासा द्या, फोटो द्या. उद्या शाळाच बंद करा म्हणाले तर तुमची समीक्षा कुठं जाणार? कोळवणला? रोज जीपला लोंबकळत?"

करिष्मानं पेनला टोपण लावलं. "मी सांगते तुमाला," एवढंच म्हणून ती उठली.

बाहेर पडताना तिनं पाहिलं, व्हरांड्यात मूल्यशिक्षण सप्ताहाचे तक्ते टांगले होते. सोमवारी स्वच्छता, मंगळवारी श्रम, आणि शुक्रवारी, मॅडम येणार त्या दिवशी, सत्य. 'सत्य' या तक्त्यावर पोरींनी रंगीत खडूनं सूर्य काढला होता.

ती घरी पोचायच्या आत हैबतरावांची गाडी वाटेत उभी होती. काच खाली झाली.

"काय सूनबाई, मास्तरला लई प्रश्न इचारलं म्हणं?"

"वाचलं आबा. सही करायची तर वाचायला नगं?"

"वाच की. वाचून कर. भिंत मी बांधणारच हाय. प्लॉटचं काम उरकू दे." मग हसत, अगदी सहज म्हणाले, "सावळ्याची मेंढरं कुटं हायेत गं सध्या? माझ्याच रानात ना?"

काच वर गेली. करिष्मा धुळीत उभी राहिली. मेंढरांचं नाव त्यांनी हसत घेतलं होतं, आणि ते हसणंच तिला जास्त झोंबलं.

संध्याकाळी सोमनाथला तिनं सगळं सांगितलं. त्यानं भाकरी मोडता मोडता मान हलवली. "एक सही हाय, टाकून दे. आपण सही न केल्यानं वैष्णवीचा पाय बरा हुणार हाय का?" खरं तर तिचंही मन तिकडंच झुकायला लागलं होतं. सासऱ्याची मेंढरं, स्वतःचं काम, पोरीची शाळा. कशाला हात घालायचा?

तेवढ्यात पडवीतून समीक्षाचा आवाज आला. पाचवीतली समीक्षा भिंतीकडं तोंड करून पाठांतर करत होती. शुक्रवारी मॅडमपुढं भाषण करायला तिला आणि हैबतरावांच्या नातीला, सृष्टीला निवडलं होतं.

"सत्य हेच जीवनाचे भूषण आहे. आमची शाळा सुरक्षित शाळा आहे." मग ती थांबली आणि निराळ्या, सपाट आवाजात म्हणाली, "मॅडम, वैष्णवी घरी पायरीवरून पडली. मॅडम, वैष्णवी घरी पायरीवरून पडली."

करिष्मा ताटावरून उठली. "काय म्हणलीस?"

"भाषण."

"त्येच्या म्होरलं."

"ते भाषणात न्हाई. मॅडमनी इचारलं तर सांगायचंय. सरांनी सगळ्यांकडून म्हणून घेतलंय, पहिलीपासनं." समीक्षा आईच्या तोंडाकडं बघून गोंधळली. "चुकलं का काय?"

"तू तितंच हुतीस ना गं? तूच वरडत आली हुतीस ना तुमच्या वर्गाच्या क्षितिजा मॅडमकडं?"

"हो. पण सर म्हणले, शाळेसाठी बोलायचं असलं की ते खोटं नसतं."

करिष्माच्या अंगाची लाही लाही झाली. भिंत पाडली, ते तिनं गिळलं होतं. पोरीचा पाय मोडला, तेव्हा हळहळून गप्प बसली होती. कागदावर खोटं लिहिलं, तेही कदाचित चाललं असतं. कागद असतातच तसे. पण सत्तेचाळीस लेकरांना रांगेत बसवून, वर सूर्याचं चित्र लावून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं म्हणायला शिकवायचं? आणि त्या तासाला मूल्यशिक्षण म्हणायचं?

"तू शुक्करवारी बोलायचं न्हाई," ती म्हणाली.

"मग काय करू?"

"गप बस. खोटं तेवढं बोलू नगंस. बाकीचं माझं मी बघते."

सोमनाथनंही ते ऐकलं होतं, आणि त्याचा घास हातातच राहिला होता.

शुक्रवारी मैदानात मांडव होता. त्या दिवसापुरते डंपर बंद ठेवले होते आणि भिंतीचं भगदाड आणि ढासळलेला ओटा झाकेल असा 'सुस्वागतम्' लिहिलेला मोठा फ्लेक्स ताणून बांधला होता. तालुक्याहून आलेल्या मॅडम पुढच्या खुर्चीत, शेजारी हैबतराव. समीक्षाचं नाव पुकारलं, ती उठली नाही. दयानंद सरांनी करिष्माकडं बघितलं आणि लगेच सृष्टीला पुढं केलं.

सृष्टी छान बोलली. शब्द स्पष्ट, हात नीट बाजूला. "आमची शाळा सुरक्षित शाळा आहे," म्हटल्यावर टाळ्याही पडल्या. मॅडम खूश झाल्या. निघायची घाई होती, पण जाता जाता विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुमच्या वर्गातली एक मुलगी बरेच दिवस गैरहजर आहे ना गं? काय झालं तिला?"

"मॅडम, वैष्णवी घरी..." सृष्टी म्हणाली आणि तिथंच अडली. वैष्णवी तिची बाकावरची शेजारीण. तिनं आजोबांकडं बघितलं. आजोबांनी मान डोलावली, बोल. "घरी पायरीवरून..." पुढचा शब्द फुटेना. पोरीचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ थरथरले आणि मैदानभर ऐकू जाईल असं ती रडायला लागली. क्षितिजा मॅडम धावत येऊन तिला जवळ घेऊन गेल्या. हैबतराव खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच खाली बसले.

"घाबरली बहुतेक," दयानंद सर घाईनं माईकजवळ गेले. "आता समितीच्या अध्यक्षांनी आभार मानावेत."

करिष्मा उठली. माईक तिनं घेतलाच नाही.

"मी कुणाचं आभार मानणार न्हाई. मॅडम, त्या फ्लेक्सच्या मागं चला. पन्नास पावलं हायेत."

"ताई, कार्यक्रमानंतर बोलू," मॅडम म्हणाल्या. "तुमचं काही असेल तर लेखी द्या."

"लेखी तुमच्या गठ्ठ्यातच हाय. सकाळी मी सही केलीया. सरांनी गडबडीत उघडून बघितलं न्हाई." करिष्मानं टेबलावरचे कागद उचलले. जिथं 'होय' खोटं होतं तिथं काट मारून तिनं स्वतःच्या अक्षरात 'नाही' लिहिलं होतं, आणि निरंक खोडून त्याजागी वैष्णवीचं नाव, तारीख, 'डंपर' हा शब्द. खाली झोकात सही. "आबा म्हणत हुते माझी सही चांगली येती. बघा."

दयानंद सरांचा चेहरा पांढरा पडला. मॅडम कागद चाळत हळूच म्हणाल्या, "असं नाही चालत हो. याचा आम्हालाच त्रास होतो."

आणि मग करिष्माचा आवाज चढला. "तुमाला तरास? त्या पोरीनं आत्ता तुमच्याम्होरं काय केलं ते बघितलं न्हाई व्हय? नऊ वर्षाची हाय ती! वैष्णवीचा पाय मोडला, तेला प्लास्टर हाय. हिच्या जिभेवर खोटं ठेवलंत, तेला काय लावणार हाय तुमी? आमी कष्टाची माणसं, घरी आमी सांगतो चोरी करू नगं, खोटं बोलू नगं, आन् शाळेत पाठवतो त्येच शिकायला. हितं येऊन आमचीच पोरं सांगत्यात, शाळेसाठी बोललं की खोटं न्हाई! भिंत तुमी कवा बी बांधा. पर पोरांच्या तोंडात असलं घालायचा हक्क तुमाला कुणी दिला?"

मग सोमनाथ उठला. त्या दिवशी त्यानं गाडीला सुट्टी टाकली होती, हे करिष्माला माहीतही नव्हतं. तो फ्लेक्सपाशी गेला आणि एका बाजूची दोरी सोडली. फ्लेक्स लोंबला. मागं चाकांचे चर, खडीचा ढीग आणि ढासळलेला ओटा सगळ्यांना दिसला. मॅडमना तिथवर चालत जावं लागलं. त्यांनी फोटो काढले; न काढून करतील काय, सारा गाव बघत होता.

पुढं जे व्हायचं ते झालं, काही बरं आणि काही तसं नाही. आठवड्याभरात भगदाडावर पत्रे ठोकले गेले आणि डंपर लांबच्या वाटेनं जायला लागले. भिंतीचा प्रस्ताव वर गेला, तो वरच आहे. दयानंद सरांना नोटीस आली. हैबतरावांना कसलीच नोटीस आली नाही. सावळ्याची मेंढरं त्यांच्या रानातून हाकलली गेली. म्हातारा ती घेऊन रिहे गावाकडं पाहुण्यांच्या रानात गेला आणि जाताना सुनेला एक शब्दही बोलला नाही. जूनमध्ये नवी समिती झाली, तिच्यात करिष्माचं नाव नव्हतं. सृष्टीला शाळेतून काढून तिच्या आजोबांनी पिरंगुटच्या इंग्रजी शाळेत घातलं. वैष्णवी उन्हाळ्यानंतर शाळेत आली. थोडी लंगडते, पण पळते.

एका सकाळी कोळवणच्या एसटी थांब्यावर दयानंद सर करिष्माला भेटले. वाळले होते. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "ताई, मला एकट्यालाच भोगावं लागलं बघा. मी काय माझ्यासाठी केलं होतं? शाळा वाचावी म्हणून केलं."

करिष्माला त्यांची कीव आली, आणि आपल्याला कीव येतेय याचा पुन्हा राग आला.

"सर, तुमी समीक्षाला गणित शिकवलं, मी इसरणार न्हाई. पर परवा मी तिला इचारलं, डब्यातली चटणी सांडली का गं. न्हाई म्हणली. मी दप्तर बघितलं. सांडलीच हुती. आधी मी नुसतं ओरडले असते, सोडून दिलं असतं. आता मला धाकधूक हुती. हे खोटं ती माझ्याकडनं शिकली, का तुमच्याकडनं, मला कळत न्हाई. तुमाला कळतंय का?"

पौडची गाडी आली. दोघंही चढले, सर पुढं बसले आणि करिष्मा मागच्या दाराजवळ उभी राहिली.