कावीळ झालेला गाल

मी एक जुनी नक्कल आहे. हो, नक्कल! नाकं मुरडू नका, मित्रांनो. फ्लॉरेन्सच्या चित्रसंग्रहालयात एका म्हाताऱ्या सुताराचं तैलचित्र आहे, त्यावरून ऑर्नेला नावाच्या मुलीने मला रंगवलं. अस्सल चित्रापेक्षा मी वीतभर लहान. त्याच मापाची नक्कल तिथे करूच देत नाहीत, कुणी अस्सल म्हणून विकेल ना!

ऑर्नेलाला एकच ध्यास होता. फाब्रीत्सी मास्तरांच्या वर्गात जिवंत माणूस समोर बसवून रंगवायला शिकायचं. पण आधी नक्कल जमली पाहिजे, नाहीतर दार बंद. सगळा हिवाळा ती त्या चित्रासमोर उभी राहिली आणि दिसला तसा रंग लावत गेली.

मास्तर मला बघून हसलेच. "अगं, म्हाताऱ्याला कावीळ झालीय का?"

"चित्रात तसाच आहे, मास्तर."

"चित्रावरचं वार्निश जुनं होऊन पिवळं पडलंय, बाई! तू सुतार नाही, वार्निश रंगवलंस. खरवडून टाक सगळं."

माझं तर धाबंच दणाणलं. ऑर्नेला मला घरी घेऊन आली, डोळे पुसले आणि वडिलांना खिडकीपाशी बसवलं.

"बाबा, हलू नका."

"अगं, सूप गार होतंय माझं!"

"होऊ द्या."

त्यांच्या गालावर गुलाबी होतं, जबड्याखाली हिरवट राखाडी. पिवळं कुठेच नव्हतं. तिने माझा फक्त उजवा गाल खरवडला आणि नव्याने रंगवला.

"हे काय? अर्धाच चेहरा?" ती मला परत घेऊन गेली तेव्हा मास्तर कडाडले.

"डावा गाल वार्निशचा, उजवा माणसाचा. मला फरक कळला हे दिसायला दोन्ही हवेत. डावा नाही खरवडणार मी!"

मास्तरांनी माझे दोन्ही गाल आळीपाळीने निरखले. "भारी हट्टी आहेस. सोमवारी वर्गात ये."

पुढे कित्येक वर्षं मी कपाटावर धूळ खात पडले. लोक म्हणायचे, फेका ते अर्धवट थोबाड. मग अस्सल चित्राची सफाई झाली. पिवळं वार्निश निघालं आणि आतून निघाला थेट माझा उजवा गाल! आता बोला!

आज ऑर्नेला स्वतः शिकवते आणि मी तिच्या वर्गात टांगलेली आहे. परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "बाई, हा डावा गाल दुरुस्त करू का?"

"हात लावून तर बघ!"

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, उन्हापासून जपा. पण त्या पिवळ्या गालाला हात लावाल तर खबरदार. वर्गाचं दार त्यानेच उघडलं होतं.