पाहुणा गेल्याचा निरोप

मी निरोप्या बोलतोय. मला अंग नाही, तार नाही, साधा दिवाही नाही. किन्हवलीच्या एका खासगी दवाखान्यात जिन्याखाली एक संगणक आहे. त्याच्या पोटात आणखी तीन संगणक राहतात. खरे नव्हेत, पण काम खऱ्यासारखंच करतात. थोरला तो यजमान, पोटातले पाहुणे. लसींच्या फ्रिजचं तापमान पाहणाऱ्या पाहुण्याकडे माझा मुक्काम.

माझं काम एकच. पाहुण्याचा गाभा, म्हणजे त्याला चालवणारी मूळ प्रणाली, कोसळला, की जाता जाता तो मला एक खूण देतो. ती मी यजमानाला पोचवतो: हा गेला. एरवी यजमानाला पत्ताच लागत नाही. पाहुणा गेला तरी पडदा उजळ राहतो, शेवटचा आकडा तसाच दिसतो.

मला इथे जगनने बसवलं. इथले संगणक तोच बघायचा, आणि त्याची बायको मीना त्याच्याकडूनच शिकली. यजमानाने तिच्या मोबाइलवर काय पाठवायचं, तेही जगनने स्वतः लिहून ठेवलं.

दोन वर्षं बोलायची वेळ आली नाही. गेल्या चैत्रात जगन शहापूरहून बसने येत होता. खिडकीशी बसलेला. शेजारच्याला वाटलं, झोप लागली. किन्हवलीच्या स्टँडवर बस रिकामी झाली तेव्हा कळलं, तो केव्हाच गेला होता. तेव्हापासून इथले संगणक मीनाच बघते.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी माझा पाहुणा कोसळला. मी बोललो. यजमानाने निरोप धाडला. तासाभरात मीना धावत दारात.

"मीनाताय, धावत कशाला आलात?" कंपाउंडर किशोर पडद्याकडे बोट दाखवून हसला. "चार अंश हाय की. थंडगार!"

"तो आकडा गेलेल्याचा हाय रे. फ्रिज उघड."

आतल्या थर्मामीटरवर सात. आठाच्या वर लस बाद. फ्रिजचा प्लग काढून तिथे किशोरचा चार्जर लावलेला.

"दोनच टक्के उरलेली ओ!"

"मग मोबाइलच ठेव फ्रिजमधी."

बाकावर पाड्यावरची जिवली बसली होती. कुत्रा चावलेला, आज तिसरी सुई. पहाटेच चालत निघालेली.

"माझी सुई हाय ना गो?"

मीनाने प्लग खोचला, लस हातात घेऊन पाहिली. "हाय. ये आत."

त्या दिवसाएवढा ताठ मी कधी झालो नव्हतो.

नंतर किशोरने मीनाचा मोबाइल पाहिला. पडद्यावर होतं: 'मीना, आपला पाहुणा गेला. घाबरू नको, जाऊन बघ.'

त्याने मोबाइल तिला परत दिला. "हे तर जगनदादांचं. बदलू का?"

"नाय. राहू दे."

पाहुणा तेव्हाच पुन्हा उठला. मी पुन्हा गप्प आहे, आणि माझ्या कामाचा मला अभिमान आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच. बसमध्ये शेजारी कुणी फार वेळ न हलता बसलेला दिसला, तर एकदा हाक मारा. प्रत्येकाजवळ निरोप्या नसतो.