अंगाने कशा?

सासूबाई सकाळी फाटकाबाहेर गेल्या त्या परतल्याच नाहीत. वर्षभरात त्या बरंच काही विसरल्या होत्या, पण दाराची कडी काढायला नव्हत्या विसरल्या. आम्ही गल्ल्या, दवाखाने, बाग सगळं पालथं घातलं आणि दुपारी पोलीस चौकीत गेलो. हे, धाकटे भाऊजी आणि मी.

चौकीतल्या बाई कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणाल्या, "वर्णन इंग्रजीत सांगा. थोडक्यात. बसस्थानकं, दवाखाने, सगळीकडच्या पडद्यांवर जातं ते. माणसाला चालता चालता वाचता आलं पाहिजे."

भाऊजी इंग्रजीचे क्लास घेतात. घरात सगळे त्यांना 'डिक्शनरी' म्हणतात. ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"ओल्ड लिहू?"

"ओल्ड काय, फर्निचर आहे का? एल्डरली लिहा."

"अंगाने कशा?"

"फॅट," हे म्हणाले.

"दादा, आईला फॅट?"

"मग काय काडी म्हणू? आपण दोघं एका वेळी मावायचो तिच्या मांडीवर."

"मावायचो, पण फॅट म्हणजे शिवी झाली. चबी लहान मुलांना. प्लम्प चालेल."

"प्लम्प आमच्याकडे कोंबडीला म्हणतात," बाई म्हणाल्या.

"हेल्दी?" ह्यांनी सुचवलं.

"हेल्दी बाईला कोण कशाला शोधेल?"

भाऊजींनी डोळे मिटले. "स्टाउट. भारदस्त शब्द आहे. आईला शोभतो."

"त्या आता तशा राहिल्या नाहीत," मी म्हणाले.

"काय?" ह्यांनी वळून विचारलं. माझा आवाज मुळात लहान.

"बारीक झाल्यात. फार."

"तू स्वतः एकवेळ जेवतेस. तुला सगळी जनता उपाशीच दिसते."

"वहिनी, तुम्ही जप करा," भाऊजी मायेनंच म्हणाले. "शब्दांचं मी बघतो."

बाईंनी 'स्टाउट' लिहून कळ दाबली.

दोघांचंही आईवर प्रेम आहे. रोज संध्याकाळी खोलीच्या दारातून विचारतात, "आई, बरी ना?" आणि लोकरीच्या शालीतून 'हो' येतं. अंघोळ मी घालते. शाल काढल्यावर काय उरतं ते मला ठाऊक. सासूबाईंचे कपडे मी आतून टीप घालून घट्ट करत होते, ढगळ दिसू नयेत म्हणून.

घरी येऊन आम्ही फोनपाशी बसलो. कुणाचाच फोन येईना. मी माळ घेतली. मणी पुढे जात होते, मनात नाव नव्हतं. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. सासूबाईंची धुतलेली कपबशी मी पुन्हा धुतली, पुसली, फळीवर ठेवली. मग चपला घातल्या.

"कुठे?" ह्यांनी विचारलं.

"चौकीत. शब्द बदलायला."

कुणी अडवलं नाही. कुणी सोबत आलंही नाही.

बाईंनी मला ओळखलं. "बोला."

"बारीक लिहा."

"स्लिम? स्लेंडर?"

"ते कौतुकाचं वाटतं. हाडं दिसतात. पाठीचे मणके मोजता येतात. त्याला काय म्हणतात?"

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. टाइप केलं आणि हळूच वाचून दाखवलं, "व्हेरी थिन. फ्रेल."

मी तिथंच बाकावर टेकले. थोड्या वेळात फोन खणखणला. बसस्थानकातला तिकीटवाला होता. बाईंनी स्पीकर लावला.

"अहो, त्या आजी दुपारपासून पडद्याखालच्याच बाकावर आहेत. मी मघाशी वाचलं, त्यांच्याकडे बघितलं, म्हटलं ह्या नव्हेत. ती जाडी बाई होती. आत्ता पडद्यावरचे शब्द बदलले तेव्हा कळलं."

मी घरी फोन करून दोघांना बोलावलं. आम्ही तिघं बसस्थानकात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सासूबाई शाल घट्ट लपेटून बसल्या होत्या. ओठ सुकलेले. तिकीटवाल्यानं दिलेलं पाणी मांडीवर सांडलं होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोरच्या बसकडे पाहू लागल्या. त्यांना उभं राहता येत नव्हतं.

"मी उचलतो," हे म्हणाले. "तू पाय धर रे."

"कमरेला जप दादा. मी खुर्चीगाडी आणू का?"

"उचलतो म्हटलं ना."

ह्यांनी पाय रोवले, श्वास भरला, दोन्ही हात खाली घालून सगळा जोर लावला. आणि मागच्या मागे झोक गेला. भाऊजींनी पाठीला हात दिला नसता तर हे आईसकट पडले असते.

हे तसेच उभे राहिले. आईला हातांवर किंचित वर-खाली केलं, वजनाचा अंदाज घेतात तसं. भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी खाली पाहत होते.

खुर्चीगाडी आली. ह्यांनी आईला तिच्यात ठेवलं नाही.

मी सासूबाईंच्या चपला उचलल्या आणि मागून चालू लागले.