बत्तीस खिडक्यांची इमारत

लेन ब्रोडका ऐंशीचा झाला, तरी बुधवार विसरला नव्हता. कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी येतात. आज बेयॉन गावातल्या दुकानात ‘कॅप्टन हार्बर’चा पहिला अंक येणार होता, तोच जुना हार्बर, पुन्हा पहिल्यापासून. आणि मुखपृष्ठ लेननेच १९७१ साली काढलेल्या मुखपृष्ठावरून घेतलेलं. कोसळणारी इमारत खांद्यावर तोलून धरलेला कॅप्टन, आणि खाली डाव्या कोपऱ्यातल्या खिडकीत लाल रिबिनीची मुलगी. ती लेनची मुलगी रॉनी, तेव्हा सहा वर्षांची. तेरावं लागलं आणि मेंदूज्वराने गेली.

लेनकडच्या अंकाचा तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाला. मूळ चित्र तर कंपनीने, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे, केव्हाच फाडून टाकलेलं. “आता पोरगी पुन्हा दुकानादुकानांत दिसेल बघ,” असं तो महिनाभर बायकोला, डोलोरेसला, सांगत होता. आपण दोघं गेल्यावर तिची आठवण कोण ठेवणार, या विचाराने म्हातारा मनातून घाबरला होता.

नवा चित्रकार मार्कस टिलरी दुकानात सह्या देत बसला होता. लेनला पाहून तो ताडकन उठला.

“मिस्टर ब्रोडका! अहो, मीच येणार होतो तुमच्याकडे. हे बघा, माझ्या सहीखाली काय लिहिलंय. ‘लेन ब्रोडका यांच्यावरून’!”

जुनं मुखपृष्ठ पुन्हा काढलं की मूळ चित्रकाराचं नाव असं लिहायची या धंद्यातली रीत आहे. लेनने नावाकडे पाहिलंच नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बारकोडची पांढरी चौकट होती.

“इथली मुलगी कुठाय?”

“कुठली मुलगी?” मार्कस गडबडला. “सर, तुमची वीट न् वीट मोजून काढलीय मी. आता मूळ अंक मला कुठला परवडायला! सत्त्याहत्तरचं पुनर्मुद्रण समोर ठेवलं होतं. त्यात तिथे चौकटच आहे. खाली कुणी होतं का?”

लेनला आठवलं. सत्त्याहत्तर साली बारकोड नवे होते, आणि जुन्या मुखपृष्ठांवर त्या चौकटी चिकटवायचं काम कंपनीने त्याच्याकडेच दिलं होतं. घरी आणून एका संध्याकाळी त्याने वीसेक उरकली. रॉनी शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसली होती. तिच्या तोंडावर पांढरा कागद डकवताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही. अडखळायचं कशाला? पोरगी घरातच तर होती!

“दुसऱ्या एखाद्या खिडकीत तरी काढता येईल...?”

“पोस्टरंसुद्धा छापून गेली हो, सर.” मार्कसचा चेहरा पडला. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष?

घरी डोलोरेस भिंग घेऊन टेबलाशी वाटच बघत होती. हल्ली तिला फार कमी दिसायचं.

“कोपऱ्यातच ना रे? इथे तर नुसत्या काळ्या रेघा दिसतायत.”

खरं सांगायचं म्हणून लेनने तोंड उघडलं.

“वर सरकवली असेल त्याने,” तो म्हणाला.

“मग ठीक. सापडेल.”

इमारतीला बत्तीस खिडक्या होत्या, त्याने स्वतःच कधीकाळी आखलेल्या. डोलोरेसने भिंग सगळ्यात वरच्या खिडकीवर धरलं.