भिंगाचं हेडर

माणसाने आजवर मिळवलेलं सगळं ज्ञान अखेर एकाच प्रश्नाचं उत्तर आहे: कोणती गोष्ट नेमकी कुठे आहे? निवृत्त भूमापकांचं हे ठाम मत होतं आणि त्या सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी ते सुनेला ऐकवलं. तेव्हा ते साखर शोधत होते.

"दुसरी फळी, डावीकडे," ते स्वतःशीच म्हणाले.

"ती तुमच्या जुन्या घरात, बाबा. इथे ओट्याखाली."

मुलाकडे राहायला येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. सामान सगळं आलं होतं. साखर तेवढी त्यांच्या डोक्यात अजून जुन्याच घरी राहत होती.

पण खरी अडचण भिंगाची होती. बायकोची नजर अधू झाली तेव्हा भूमापकांनी साठीनंतर धडपडून शिकून एक प्रोग्रॅम लिहिला होता. कॅमेऱ्याखाली कागद धरला की पडद्यावर वाटीएवढी अक्षरं दिसायची. घरात सगळे त्याला भिंग म्हणायचे. सामान हलवताना जुना कॉम्प्युटर सगळ्यांच्या आधी जिना उतरला, एकटाच. सुनेने नवा आणला; भिंगाचा कोड पेनड्राइव्हवर होताच. त्यावरही लिनक्स हीच ऑपरेटिंग सिस्टिम होती, पण दुसऱ्या घराण्यातली. त्यावर भिंग नव्याने बांधायला घेतलं की दर वेळी एकच उत्तर यायचं: कॅमेऱ्याच्या लायब्ररीचं हेडर सापडलं नाही. लायब्ररी म्हणजे आयत्या कोडचा साठा आणि हेडर म्हणजे तिच्या दाराला लावलेली यादी, आत काय काय मिळतं ते सांगणारी. यादी दिसल्याशिवाय बांधकाम पुढे सरकत नाही.

आणि टेबलावर चार दिवस बायकोच्या बहिणीचं पत्र न वाचलेलं पडून होतं.

"आई, मी वाचून दाखवते ना," सून म्हणाली.

"नको गं. तिचं अक्षर बघितलं की मला तिचा आवाज ऐकू येतो. तू वाचलंस तर तुझा येईल."

"शिवाय त्यात माझ्याबद्दल असतं," भूमापक म्हणाले.

"असतंच."

चार दिवस त्यांनी ते हेडर एकट्याने शोधलं. ज्याने आयुष्यभर डोंगर मोजले त्याने रस्ता विचारायचा नसतो, असा त्यांचा बाणा होता. सून कॉम्प्युटरच्याच धंद्यातली असूनही चार दिवस गप्प बसली, हा तिचा मोठेपणा. पाचव्या दिवशी तिने खुर्ची ओढली.

"हेडरचं पॅकेज टाकलंत का, बाबा?"

"नावापुढे 'डेव्ह' लावून मागितलं. कॉम्प्युटर म्हणतो, असं काही नाहीच."

"इथे 'डेव्ह' नाही म्हणत. 'डेव्हेल' म्हणतात."

"दोन अक्षरांसाठी चार दिवस गेले माझे?"

"अक्षरामागे दोनच दिवस पडले. लोकांचे आठवडे जातात."

पॅकेज आलं. भिंग पुन्हा बांधायला घेतलं. हेडर सापडलं नाही.

सुनेने बांधणीची स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची फाइल, उघडली. भूमापकांनी तिच्यात हेडरचा संपूर्ण पत्ता लिहिला होता: फोल्डर, त्याच्या आतलं फोल्डर, त्याच्याही आतलं. अक्षांश-रेखांश तेवढे राहिले होते.

"पत्ता अचूक आहे," ते म्हणाले. "मी स्वतः बघून लिहिलाय."

"जुन्या मशीनवर अचूक. इथे ते भलत्याच फोल्डरात आहे. प्रत्येक घराण्याची ठेवण वेगळी. पत्ता लिहायचाच नाही, बाबा, विचारायचं. पॅकेज-कॉन्फिग म्हणून एक प्रोग्रॅम असतो. कुठली लायब्ररी कुठे ठेवलीय ते त्याला माहीत असतं. स्क्रिप्टने दर वेळी त्याला विचारून घ्यायचं."

"म्हणजे माझ्या स्क्रिप्टने दारोदार विचारत फिरायचं?"

आतून बायकोचा आवाज आला. "अहो, बेचाळीस वर्षं चष्मा कुठाय म्हणून मला विचारताय, तेव्हा कुठे सापडतोय. त्या मशीनला विचारायला कसली लाज?"

बायकोला धड दिसत नव्हतं, तरी या घरात ती कुठे अडखळत नव्हती. आल्या दिवशीच तिने सुनेचा हात धरून एकेक फळी विचारून घेतली होती. आपण तेव्हा काय करत होतो, ते भूमापकांना आठवलं. ते खोल्या मोजत होते.

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि तो अचूक पत्ता एकेक अक्षर मागे जात पुसला. त्या जागी सुनेने सांगितलेली विचारणा लिहिली. ओळीमागून ओळी सरकल्या आणि कुठलीही तक्रार न होता थांबल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

ते बायकोला हाताला धरून घेऊन आले. पत्र फोडून कॅमेऱ्याखाली धरलं आणि कागद हलू नये म्हणून कोपर टेबलावर टेकवले. पडद्यावर बहिणीचं तिरकं अक्षर उमटलं, वाटीएवढं. बायको पुढे झुकली. तिचे ओठ हलू लागले. मध्येच ती हसली. सून हळूच उठून बाजूला झाली. भूमापकांच्या हाताला रग लागली, पण त्यांनी कागद हलू दिला नाही.

"काय म्हणतेय माझ्याबद्दल?" शेवटी त्यांना राहवलं नाही.

पत्र चार ओळींचं होतं. बांधाबांध करायला मी आले होते, तेव्हा माझी शिवणकामाची मोठी कात्री चुकून तुमच्या सामानात आली आहे का, असं बहिणीने विचारलं होतं. भूमापकांचा उल्लेख नव्हता. कात्री आली होती.