सर्दीवाला

"भाऊजी, तो येतोय."

मिस्त्री शिलाईचं मशीन आडवं पाडून त्याच्या पोटात तेल सोडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोण? या मशीनचा मालक? त्याला म्हणावं, उद्या ये. घाईत दुरुस्त केलं की घाईतच बिघडतं."

"अहो, मालक नव्हे. तुमचा सर्दीवाला."

तेलाच्या डबीचं नाक हवेत तसंच राहिलं. एक थेंब फडक्यावर पडला.

मेहुणा दुकानाच्या दारात उभा होता. त्याच्या शर्टावर नेहमीसारखी पांढरी पूड होती. तो कवळ्या बनवायचा. दिवसभर परक्यांचे दात घासायचा आणि संध्याकाळी तसाच इकडे यायचा. त्याने खिशातून दोन तिकिटं काढून दाखवली.

"रविवारी दुपारी, मैदानावर. म्हातारा झालाय आता. पुन्हा या बाजूला फिरकेल असं वाटत नाही."

"त्याला एक कवळी करून दे तू," मिस्त्री म्हणाले. "शब्द तरी धड बाहेर पडतील."

हे ते लग्न झाल्यापासून म्हणत आले होते. त्यावर बायको म्हणायची, "आणि तुम्ही कानात तेल घाला. मशीनला घालता तेच चालेल." मग मेहुणा हसायचा आणि विषय मिटायचा. आज मधलं वाक्य आलंच नाही. मेहुणा आपल्या चपलांकडे बघत राहिला. मिस्त्रींनी सांडलेला थेंब पुसला, मग नसलेलेही थेंब पुसले.

सर्दीवाला हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तो गायक नाकातून गायचा, आणि तेही असं, की कुणीतरी त्याला झोपेतून उठवलंय आणि त्याचा राग तो शब्दांवर काढतोय. गाणी स्वतः लिहायचा. चाली जुन्या घ्यायचा, बायाबापड्यांच्या, नावाड्यांच्या, आणि त्यांना विजेची गिटार आणि ड्रम जोडायचा. त्यावरून अर्ध्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि अर्ध्यांनी शिव्या घातल्या. घराघरांत दोन पक्ष पडले. मिस्त्रींच्या घरात बायको आणि तिचा भाऊ एका पक्षात, मिस्त्री एकटे दुसऱ्या.

लग्नानंतर बायको आली ती टेपरेकॉर्डर घेऊनच. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी तो उघडला. गाणारा प्रत्येक ओळ तालाच्या मागून म्हणत होता. मशीनची सुई उशिरा खाली आली की टाका सुटतो, तसंच काहीतरी. म्हणजे आतला पट्टा सैल झालेला असणार. त्यांनी नवा पट्टा बसवला, चाकं पुसली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. गाणारा पुन्हा मागेच.

बायको कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"झाला दुरुस्त?"

"मशीन चांगलं आहे."

"मग?"

"माणूसच बिघडलेला आहे."

ती इतकी हसली की भिंतीला टेकून खालीच बसली. पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना तिने ही गोष्ट सांगितली. "आमच्या ह्यांनी त्याला बरा करायला घेतला होता," अशी सुरुवात करायची आणि सांगता सांगता स्वतःच आधी हसायची.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. कपडे मुलगी घेऊन गेली. फोटो होते, त्यामुळे चेहरा कुठे जात नव्हता. जात होता तो आवाज. हे मिस्त्रींना एकदम कळलं नाही. "अहो, जेवायला या" असं ती रोज म्हणायची. ते शब्द आठवत, पण मनात ते शब्द मिस्त्रींच्या स्वतःच्याच आवाजात उमटत. ते दचकत. पुन्हा आठवून बघत. पुन्हा आपलाच आवाज. तिचा आवाज कुठे भरून ठेवलेला नव्हता. फोनसमोर ती गप्प व्हायची, निरोप टाईप करायची. हे कुणाला सांगावं तर काय सांगावं? मुलीला सांगितलं असतं तर ती रडली असती. मेहुण्याला सांगायचं धाडस झालं नाही, कारण त्याला तो आवाज अजून आठवत असेल, आणि त्याचा हेवा वाटला असता.

मग एका दुपारी, घर फारच शांत वाटलं म्हणून, त्यांनी तो टेपरेकॉर्डर लावला आणि जमिनीवर आडवे झाले. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होतं. टाकीत पाणी चढत होतं. अर्धवट झोपेत सर्दीवाला गाऊ लागला. कडीचं गाणं. तिचं सगळ्यात आवडतं.

"कडी नको लावूस गं…"

आणि तो थांबला. इथे तो नेहमीच थांबायचा. गिटार दोन-तीनदा एकाच जागी फिरायची आणि मग, अगदी गाणं विसरला की काय असं वाटायच्या बेताला, तो म्हणायचा, "मागून येतंय कुणी."

पण बायकोला कधीच एवढा धीर निघाला नाही. कपड्यांच्या घड्या घालताना म्हणा, केस विंचरताना म्हणा, ती त्या मोकळ्या जागेत आधीच घुसायची. "मागून येतंय कुणी," असं ती म्हणून मोकळी व्हायची, मग गायक सावकाश मागून यायचा. आयुष्यभर ती त्याच्या पुढेच राहिली.

त्या दुपारी ती मोकळी जागा आली आणि तिथे ती आली. शेजारच्या खोलीतून यावा तसा तिचा आवाज आला. किंचित चिरका, शेवटच्या शब्दावर खाली उतरणारा. मिस्त्री हलले नाहीत. डोळेही उघडले नाहीत.

मग ते रोज दुपारी दुकानाला कुलूप घालून घरी येऊ लागले. गाणं लावायचं, आडवं व्हायचं, वाट बघायची. वाट बघता बघता गाणंही ऐकलं जाऊ लागलं. कान होते, ते काय करणार? त्या आवाजाला एक खरखर होती, आणि ती खरखर प्रत्येक शब्दाला वेगळी होती. श्वास घ्यायचा तो ऐकू यायचा. एका ठिकाणी तो गाता गाता स्वतःशीच हसायचा, ते इतक्या वर्षांत मिस्त्रींना माहीतच नव्हतं. आणि तो उशिरा येत नव्हता. आपण पुढे झुकेपर्यंत ओळ हातात धरून ठेवत होता. ज्याला मिस्त्री बिघाड म्हणत होते, ती त्याची काम करायची पद्धत होती.

पण जे घासावं ते झिजतं. गेल्या महिन्यात तिचा आवाज पुसट झाला. मग अधूनमधून येईना. गेल्या आठवड्यात मोकळी जागा आली आणि तिथे नुसती गिटार होती.

"ते कडीचं गाणं म्हणेल ना तो?" मिस्त्रींनी मेहुण्याला विचारलं.

तिकिटं अजून मेहुण्याच्या हातातच होती. "भाऊजी, तुम्ही येताय?"

"म्हणेल का ते सांग."

"ते म्हटल्याशिवाय लोक त्याला सोडतील होय?"

खरा माणूस, मोठा आवाज, समोरासमोर. तिथे ती येईल, असं मिस्त्रींना वाटलं. रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. ऊन कलतं होतं आणि माणसांच्या चालण्याने उडालेली धूळ त्यात तरंगत होती. सगळं थोडं दूर, काचेपलीकडचं वाटत होतं. मेहुण्याने आजूबाजूच्या लोकांशी लगेच ओळखी केल्या. कुणी कुठलं गाणं कधी ऐकलं याच्या गप्पा रंगल्या. "आमचे भाऊजी विरुद्ध पक्षातले," त्याने ओळख करून दिली. "आज शरण आलेत."

सर्दीवाला मंचावर आला तेव्हा टाळ्यांनी मैदान दणाणलं. मिस्त्रींना वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच लहानखुरा निघाला. डोक्यावर टोपी, चालणं जपून. तो लोकांकडे अर्धी पाठ करूनच बसला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. गाऊ लागला. आवाजातलं नाक गेलं होतं, घसाच उरला होता.

तीन गाणी झाली तरी मेहुण्याला एकही ओळखू येईना. "चाल बदललीय," तो पुटपुटला. "सगळ्यांच्या चाली बदलल्यात. काय चाललंय काय याचं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "जुनं म्हण, जुनं!" दुसऱ्याने शिट्टी मारली. गायकाने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एक भरभर धावणारं गाणं सुरू झालं. ड्रम, दोन गिटारी. तिसऱ्या कडव्यात मिस्त्रींच्या कानावर "कडी" हा शब्द पडला. हेच ते. त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली. "कडी नको लावूस गं मागून येतंय कुणी," गायक एका दमात म्हणून गेला. मधे श्वासाइतकीही जागा नव्हती. पुन्हा तीच ओळ आली. पुन्हा तसंच. जिथे ती उभी राहायची ती जागाच त्याने बुजवून टाकली होती.

मेहुणा ताडकन उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ताईच्या गाण्याची पार वाट लावली. चला भाऊजी."

मिस्त्री उठले नाहीत.

"अहो, चला! तुम्हाला तर हा कधीच आवडला नाही."

"तू हो पुढे."

"मी बाहेर थांबतो," असं म्हणून मेहुणा खुर्च्यांमधून वाट काढत गेला. त्याच्या मागोमाग आणखी काहीजण गेले. रांगा विरळ झाल्या.

मिस्त्री का बसले, हे त्यांना सांगता आलं नसतं. राग आला होता. तरी ते नुसते मंचाकडे बघत होते. आणि बघता बघता त्यांना दिसलं, की म्हातारा प्रत्येक ओळीआधी मान थोडी तिरकी करतोय. ओळ पाठ असलेला माणूस असं करत नाही. तो दरवेळी ती नव्याने शोधत होता. सापडेल ती घेत होता. कालची कुठे ठेवली होती, हे त्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तो तिकडे जात नव्हता.

ऊन उतरलं. बाकीचे वादक थांबले. त्याने गिटार एकटीच वाजवायला घेतली आणि तो माईकजवळ सरकला. "हे नवीन आहे," एवढंच म्हणाला. दुपारभरात बोलला तो तेवढंच.

"हळू बोलव आता मला,
मी जवळच उभा आहे…"

मिस्त्री पुढे झुकले. चाल सोपी होती, कुठेतरी वर चढेल असं वाटायचं आणि चढायची नाही. माणसं गप्प झाली. दूरच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या आणि त्याही गाण्यातल्याच वाटत होत्या. गाणं त्यांना आवडलं. कुणाचं म्हणून नव्हे, कुणासाठी म्हणून नव्हे. त्यांचं त्यांना आवडलं. ते डावीकडे वळून म्हणाले, "हे ऐकलंस का गं?"

खुर्ची रिकामी होती.

तिने हे ऐकलेलं नव्हतं. ऐकणारही नव्हती. सर्दीवाल्याचं एक गाणं मिस्त्रींना ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. त्यांनी क्षणभर कान दिला. उत्तर आलं नाही. त्यांच्याच आवाजातसुद्धा आलं नाही. मग ते सरळ बसले आणि गाणं संपेपर्यंत त्यांनी ते ऐकलं.

मैदानाबाहेर मेहुणा एका बंद दुकानाच्या शटरला टेकून उभा होता. राग ओसरला होता, डोळे मात्र सुजल्यासारखे दिसत होते.

"फार वेळ लावलात."

"शेवटी एक नवीन म्हटलं त्याने."

"नवीन?" मेहुणा सरळ झाला. "आणि मी इथे शटर धरून उभा! कसं होतं?"

"चांगलं होतं."

"चांगलं म्हणजे कसं? भाऊजी, तुमच्या तोंडून त्याच्याबद्दल चांगलं ऐकायला ताई असती तर…" तो थांबला. मग म्हणाला, "म्हणून दाखवा ना."

"मला कुठे येतंय गायला?"

"त्याला तरी कुठे येतं?"

मिस्त्री हसले. आजूबाजूने माणसं घरी चालली होती, कुणी गाडीला किल्ली लावत होतं. त्यांनी घसा साफ केला आणि शटरकडे तोंड करून, बोलल्यासारखं, हलक्या आवाजात सुरू केलं. हळू बोलव आता मला. मी जवळच उभा आहे.

तिसरी ओळ आठवेना.

"पुढे?" मेहुण्याने विचारलं.

"थांब जरा," मिस्त्री म्हणाले.

दिवे लागत होते. दोघं खाली माना घालून तिसऱ्या ओळीची वाट बघत उभे राहिले.