मागची भिंत

आमच्या वस्तीचा इतिहास लिहायला कुणी आलं नाही. आलं असतं तरी रूळ कोणत्या साहेबाने टाकले तेवढं लिहून गेलं असतं. म्हणून मीच लिहितो.

सगळा सपाट माळ. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून विहीर खणली आणि विहिरीपाशी माणसं आणून टाकली. त्यांनी घरं बांधली ती सगळी रुळांकडे तोंड करून. मागच्या भिंतीला खिडकीसुद्धा नाही. ज्याच्या जिवावर खायचं त्याला पाठ दाखवायची नाही, हा आमचा कायदा.

मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी नको, म्हणून गाडीला थांबा नको. वरच्यांनी एका सहीत वस्ती पुसली. सांगायलाही कुणी उतरलं नाही. उतरणार कसं, गाडीच थांबत नव्हती.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आत्याचं चहाचं दुकान. नवरा गेलेला, दोन पोरी, गिऱ्हाईक एक नाही. घरामागून मात्र नवा डांबरी रस्ता गेला होता. ट्रकवाल्यांना तिथून नुसती भिंत दिसायची.

"दादा, भिंत फोडू," आत्या बाबांना म्हणाली. बाबा निवृत्त गँगमन.

"आजोबांपासून कुणी रुळांना पाठ केली नाही."

"रूळ जेवायला घालतात का आता? नाहीतर मी पोरींना घेऊन शहरात जाते. तू बस रुळांशी गप्पा मारत."

"जीभ आहे की कात्री?"

"कात्रीने भिंत फुटत नाही रे. पहार दे."

बाबा हलले नाहीत. तिने शेजारच्या, गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनची पहार मागून आणली आणि घातले घाव. चुना उडाला, वीट जागची हलेना. बाबा दात खात बघत होते. शेवटी राहवेना.

"अगं, पहार धरलीस की केरसुणी? सर बाजूला!"

जन्मभर रूळ उचललेले हात. सांध्यात टोक घालून, अंगाचा भार टाकून त्यांनी एकेक वीट सोडवली. पलीकडून वारा आत आला. बाहेर एक ट्रक थांबला.

"चहा मिळेल?"

"मिळेल की! विटा ओलांडून या," आत्या म्हणाली, आणि पोरींना हाक मारून चूल पेटवायला धावली.

आठवड्याने पॉइंट्समन दारात आला. "दादा, आमचीही भिंत फोडून द्या."

बाबांनी त्याला आधी दोन शिव्या घातल्या. मग पहार उचलली.